सोळाव्या दिवसाचे औषध

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा बालकांचा आहार किंवा लसीकरण यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. त्या विषयांवर बोलण्याची सवय आहे आणि ऐकणाऱ्यांनाही ते परिचित आहेत. परंतु लिहावयास बसलो की दर वेळी एकच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिला. म्हणून त्याच प्रसंगापासून प्रारंभ करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शिमग्याला चार दिवस उरले होते. रात्री साडेदहाच्या सुमारास गोव्याहून आलेल्या एका टेम्पोतून सहा वर्षांच्या मुलाला दवाखान्यात आणले गेले. अनमोड घाट चढत असतानाच त्याला झटके सुरू झाले होते आणि ते थांबले नव्हते. मी त्या मुलाला ओळखत होतो. चार-पाच महिन्यांपूर्वी त्याला अपस्माराच्या दीर्घ झटक्यामुळे एका मोठ्या रुग्णालयात दाखल करावे लागले होते. शासकीय योजनेच्या कार्डावर त्याचे सर्व उपचार विनामूल्य झाले होते. घरी सोडताना पंधरा दिवसांची औषधे मिळाली होती आणि पुढील औषधाची चिठ्ठी मी लिहून दिली होती. त्यानंतर वडिलांना फोंड्याच्या बाजूला कंत्राटदाराकडे काम मिळाले आणि सारे कुटुंब तिकडे गेले.

त्या रात्री झटके थांबले, मूल शुद्धीवर आले. पहाटे मी आईला विचारले, "औषध कधी बंद केलं?" ती म्हणाली, "बंद नाही केलं डॉक्टर. पुरवून पुरवून दिलं."

या तीन शब्दांत पुढचा सारा लेख सामावलेला आहे. आधी दोन वेळचे औषध एक वेळ झाले, मग एक दिवसाआड झाले. परगावच्या औषधाच्या दुकानात माझ्या चिठ्ठीवरील औषध मिळत नव्हते, दुसरे घ्यावे की नाही हे कोणी सांगितले नाही, आणि जेथे विनामूल्य मिळेल असे वाटले तेथे तिथल्या रहिवासाचा कागद मागितला गेला. ज्या व्यवस्थेने या मुलाच्या रुग्णालयातील उपचारांवर हजारो रुपये खर्च केले, तिचे लक्ष पंधराव्या दिवशी संपले. सोळाव्या दिवसाच्या बाटलीसाठी मात्र कोणीच नव्हते. आणि हेही प्रांजळपणे नमूद करतो की त्या चिठ्ठीवर औषधाचे केवळ व्यापारी नाव होते आणि अक्षर माझे होते.

येणाऱ्यांचे आणि जाणाऱ्यांचे गाव

स्थलांतर म्हटले की आपल्याला अमेरिका-कॅनडा आठवतात. परंतु रामनगर हे गावच स्थलांतरातून उभे राहिले आहे. काळी नदीवरील सुपा धरणाचे काम १९७४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९८० च्या दशकात ते पूर्ण झाले. जुने सुपा गाव आणि भोवतालच्या वाड्या पाण्याखाली गेल्या, तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले आणि विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरला वसली. आज येथे घरे आहेत, शाळा आहेत, देवळे आहेत, म्हणून आपण स्वतःला स्थिरस्थावर म्हणवतो. पण नव्या जागी आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी काय काय शोधत फिरावे लागते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथील ये-जा आजही थांबलेली नाही. काळी व्याघ्र प्रकल्पातील दुर्गम वाड्या सोडून काही कुटुंबे रस्त्यालगतच्या गावांत येतात. महामार्गाचे रुंदीकरण आणि रेल्वेमार्गाचे दुहेरीकरण यांसाठी उत्तर कर्नाटकातून व थेट उत्तर भारतातून मजूर येऊन राहिले. हल्याळच्या बाजूला ऊसतोडीच्या हंगामात टोळ्या उतरतात. उलट दिशेने आपली तरुण मुले घाट उतरून गोव्यात जातात, ती कुणी कारखान्यात, कुणी हॉटेलात, कुणी बांधकामावर. बायका-मुले कधी सोबत जातात, कधी मागे राहतात. राज्याची सीमा येथून हाकेच्या अंतरावर आहे. ती ओलांडायला पारपत्र लागत नाही, परंतु औषधाच्या बाबतीत ती सीमा फार उंच आहे.

रुग्णालयाचे संरक्षण निराळे, औषधाचे निराळे

सर्वसाधारण समज असा की, "कार्ड आहे, म्हणजे आजारपणाची काळजी नाही." या समजाची फोड करणे आवश्यक आहे.

गेल्या दोन दशकांत आपल्याकडे आलेल्या बहुतेक मोठ्या आरोग्य योजना या मूलतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाच्या योजना आहेत. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. त्या योजनेत एक चांगली सोय होती. स्थलांतरित कामगाराला कार्ड विभागून घेता येई, म्हणजे एक भाग त्याच्याजवळ आणि एक घरच्या माणसांजवळ. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली, संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढले आणि पात्र कुटुंबांना देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात उपचार घेण्याची मुभा मिळाली. कर्नाटकात त्याच वर्षी आरोग्य कर्नाटक योजना तिच्याशी जोडली गेली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ५ लाखांपर्यंत पूर्ण, तर इतरांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के व वर्षाला दीड लाखापर्यंत साहाय्य, अशी तिची रचना करण्यात आली.

या योजनांनी अनेक प्राण वाचवले आहेत, यात शंका नाही. परंतु आयुष्मान भारत योजनेत औषधांचे संरक्षण दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढेच आहे. न्युमोनिया झालेल्या मुलाला एवढे पुरते. अपस्मार, दमा, मधुमेह, नेफ्रोटिक सिंड्रोम, संधिवाताच्या तापाने झालेला हृदयाच्या झडपांचा विकार, थायरॉइडची जन्मजात कमतरता या आजारांच्या बालकाचा खरा उपचार मात्र सोळाव्या दिवशी सुरू होतो आणि तो कित्येक महिने, कित्येकदा जन्मभर चालतो.

हे आजार औषधातील खंडाला क्षमा करीत नाहीत. अपस्माराचे औषध एकाएकी थांबले तर पूर्वीपेक्षा तीव्र झटके येऊ शकतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन थांबल्यास एक-दोन दिवसांतच जिवावर बेतते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर त्याचे शरीर साध्या तापाचा ताणही सोसू शकत नाही. झडपांच्या विकारात दर तीन आठवड्यांनी घ्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकले की आजार पुन्हा उसळण्याचा धोका असतो, आणि दर उसळीबरोबर झडप अधिक निकामी होते. म्हणजे शंभर रुपयांचे औषध न मिळाल्यामुळे तेच मूल पुन्हा रुग्णालयात येते आणि तेव्हा तीच योजना त्याच्यावर हजारो रुपये खर्च करते. हा व्यवहार माणुसकीच्या दृष्टीने चुकीचा आहेच, पण हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट आपल्या खिशातून उचलला. २०१३-१४ मध्ये हेच प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा मोठी आहे, परंतु जो खर्च उरला आहे त्यात रोजच्या औषधांचा वाटा मोठा आहे.

पाच वर्षांची अट

आता सीमेचा प्रश्न. गोवा शासनाची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण तिने दिले. गरीब-श्रीमंत असा भेद न करता ती साऱ्या रहिवाशांसाठी आहे, हे तिचे वैशिष्ट्य. अट एकच आहे, गोव्यात किमान पाच वर्षांचे वास्तव्य. आपल्या गावातून गेलेला तरुण पहिल्या दिवसापासून तेथे श्रम करतो, बाजारात खर्च करतो, करही भरतो. तेथील योजनेच्या दृष्टीने मात्र तो पाच वर्षे पाहुणाच राहतो.

बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे केवळ गोव्याचे नव्हे, तर सिंधुदुर्ग, कारवार आणि आपला जोयडा यांचेही आधारस्थान. जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना अनेक सेवांसाठी शुल्क लागू झाले. त्या वर्षी दोडामार्ग परिसरात त्याविरुद्ध आंदोलनही झाले. एका छोट्या राज्याने आपल्या रहिवाशांचा विचार आधी करावा हे समजण्यासारखे आहे, त्यामुळे यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. सीमेवरच्या माणसाला याचा अर्थ काय होतो, तेवढेच सांगावयाचे आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ कर्नाटकातील बेळगाव, कारवार, बिदर व कलबुर्गी या भागांतील ८६५ गावांना देण्याचा निर्णय केला. त्यावर कर्नाटक शासनाने तीव्र आक्षेप घेतला. त्या वादाच्या राजकीय बाजूत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. वैद्य म्हणून एवढेच म्हणेन की तिन्ही राज्यांच्या योजना रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचवतात. घरच्या फळीवरील औषधाच्या बाटलीचा प्रश्न तिन्हींत जवळजवळ तसाच राहतो.

एक तुलना मला सारखी बोचते. "एक देश, एक शिधापत्रिका" ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. आज रामनगरच्या शिधापत्रिकेवर फोंड्याच्या दुकानात धान्य मिळू शकते. तांदूळ माणसामागे चालू लागला. औषध अजून गावातच बसून आहे.

सातासमुद्रापलीकडचा अनुभव

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना-जावई परदेशी आहेत, म्हणून तिकडचेही थोडे पाहू. हा प्रश्न गरिबीचाच आहे असे मुळीच नाही.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने बहुतेक नव्या कायदेशीर स्थलांतरितांना मेडिकेड या शासकीय योजनेसाठी पाच वर्षे थांबावे लागते. २००९ मध्ये बालके व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी ही अट काढून टाकण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि अनेक राज्यांनी ती वापरली. मुलांकडे कायमचे राहावयास गेलेल्या आई-वडिलांनाही, तेथे नोकरीची पुरेशी वर्षे झालेली नसल्यास, मेडिकेअर हप्ते भरून घेण्यापूर्वी कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे काढावी लागतात. गोव्याप्रमाणे तेथेही आकडा पाचच, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

कॅनडातील १९८४ च्या आरोग्य कायद्याने प्रांतांना नवागतांसाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ ठेवू दिला. ऑन्टारिओने महासाथीच्या काळात, मार्च २०२० मध्ये, तो रद्द केला. परंतु त्या कायद्यातही डॉक्टर आणि रुग्णालय यांचा समावेश आहे, रुग्णालयाबाहेरील औषधांचा नाही. म्हणजे आपल्याकडील फट तेथेही आहेच. ऑन्टारिओने २०१८ पासून २५ वर्षांखालील मुलामुलींसाठी औषधांची स्वतंत्र योजना आणली. पुढील वर्षीच ती ज्यांना खासगी विमा नाही त्यांच्यापुरती मर्यादित झाली. इंग्लंडमध्ये नवागताकडून २०१५ पासून आरोग्य अधिभार घेतला जातो, परंतु १६ वर्षांखालील प्रत्येक बालकाला चिठ्ठीवरील औषध विनामूल्य मिळते. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला ही शेवटची तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. ती बालकाला एवढेच विचारते, "वय किती?" "किती वर्षे राहतोस?" असे विचारत नाही.

जेथे औषध रुग्णामागे जाते

मग आपल्याकडे असे काहीच नाही काय? आहे, आणि ते आपल्या रोजच्या व्यवहारातले आहे.

लसीकरणाच्या केंद्रावर बालकाला रहिवासाचा दाखला मागण्याचे कारण नाही. ते देशातील कोणत्याही शासकीय केंद्रात होते. क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद २०१२ पासून निक्षय प्रणालीत होते. तो गाव सोडून गेला तर त्याचा उपचार नव्या गावी वर्ग करता येतो आणि औषधे तेथे विनामूल्य मिळतात. एचआयव्हीच्या औषधोपचाराचेही केंद्र बदलून घेता येते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूत माता व आजारी नवजात बालकांना, आणि पुढे एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकांना, शासकीय संस्थांमध्ये औषधे विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून जन्मजात दोष व दीर्घ आजार शोधून पुढील उपचारांची वाट दाखवितो.

या साऱ्यांत समान सूत्र कोणते? हक्क आजाराशी आणि रुग्णाशी जोडलेला आहे, पत्त्याशी नाही. क्षयरोगात संसर्गाच्या भीतीमुळे आपण हे शहाणपण लवकर शिकलो. अपस्मार एकापासून दुसऱ्याला होत नाही, म्हणून त्या मुलाचे औषध त्याच्या पत्त्यावर अडून राहिले.

विसरलेला हक्क : कामगार विमा

व्यवसायबंधूंना व पालकांना मला सर्वांत आग्रहाने सांगावयाची गोष्ट ही आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली आलेली कर्मचारी राज्य विमा योजना ही बाह्यरुग्ण औषधांचेही पूर्ण संरक्षण देणारी आपल्या देशातील मोठी योजना आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेले कारखाने व अनेक आस्थापना तिच्या कक्षेत येतात. मासिक वेतनाची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये करण्यात आली. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के झाला.

आजारपणाच्या रजेचा रोख लाभ मिळण्यास ठरावीक दिवसांची वर्गणी लागते, परंतु कामगार आणि त्याचे कुटुंब यांना वैद्यकीय लाभ विमापात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. राज्यातील वास्तव्याची अट नाही. कुटुंब मूळ गावी राहत असेल तर त्याची नोंद तेथील सोयीसाठी वेगळी करून घेता येते. म्हणजे जो तरुण दीनदयाळ योजनेसाठी पाच वर्षे थांबतो, त्याला आपल्या मुलाचे अपस्माराचे औषध कामगार विम्याच्या दवाखान्यातून पहिल्याच महिन्यात मिळू शकते. अट एकच, मालकाने त्याची नोंद केलेली असली पाहिजे आणि ती झाली आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

कंत्राटी मजुरांसाठीही कायदा मुका नव्हता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या १९७९ च्या कायद्याने विनामूल्य वैद्यकीय सोयीची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. १९८० च्या केंद्रीय नियमांत तर कामगाराच्या कुटुंबीयांचाही समावेश होता आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने विकत घेतलेल्या औषधाचा खर्च कंत्राटदाराने भरून द्यावा असे म्हटले होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा नियम पुस्तकात होता. माझ्या दवाखान्यात आलेल्या एकाही मजुराने त्याचा उल्लेख केला नाही, आणि मीही तो कोणाला सांगितला नाही, कारण मलाच तो माहीत नव्हता. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. स्थलांतरित कामगाराला कामगार विम्यासह इतर कामगारांचे लाभ मिळावेत, हे त्यांचे सूत्र आहे. हा नवा नियमही पुस्तकात राहू नये, अशी अपेक्षा.

वर सांगितलेल्या मुलाच्या वडिलांची चौकशी केली तेव्हा कळले की त्यांच्या पगारातून विम्याची वर्गणी दरमहा कापली जात होती. त्यांना वाटले होते, ती "फंडाची" कपात असेल.

व्यवसायबंधूंना विनंती

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे असते. आपल्या टेबलावर, आपल्या लेखणीने काय होऊ शकते ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे औषधाचे मूळ नाव लिहावे, तेही सुवाच्य मोठ्या अक्षरांत. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये तसे नियमांत घातले. २०२३ मध्ये नव्या आयोगाने केलेली सक्ती वादानंतर स्थगित झाली. व्यापारी नावाचा आग्रह धरणाऱ्या सहकाऱ्यांच्या गुणवत्तेविषयीच्या शंका मी समजू शकतो, आणि अपस्मारासारख्या आजारात कंपनी वारंवार बदलू नये हेही खरे. मग दोन्ही लिहा. आधी मूळ नाव, शेजारी व्यापारी नाव. परगावचा औषध-विक्रेता ते वाचू शकेल.

दुसरी गोष्ट. बालकाचे वजन, औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि द्रावणाची तीव्रता चिठ्ठीवर असलीच पाहिजे. "एक चमचा" हे माप गावाबरोबर बदलते. बाटली बदलली की तोच चमचा कमी किंवा जास्त औषध देतो.

तिसरी गोष्ट. शक्य असेल तेव्हा शासकीय यादीतील आणि सर्वत्र मिळणारे औषध निवडावे. नव्या औषधाचा थोडा अधिक गुण जर घाटापलीकडे ते न मिळाल्याने वाया जाणार असेल, तर जुने औषधच त्या मुलासाठी श्रेष्ठ होय.

चौथी गोष्ट. दीर्घ आजाराच्या प्रत्येक बालकाला एका पानाचा उपचार-सारांश द्यावा. त्यात निदान, औषध, मात्रा, कधीपासून, काय झाले तर काय करावे आणि "हे औषध अचानक थांबवू नये" हे वाक्य असावे. तो मराठी व कन्नड जाणणाऱ्याला समजेलच, परंतु परराज्यातील डॉक्टरांसाठी वैद्यकीय भाग इंग्रजीत असावा. मी हे पान आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतो, कारण मजुराच्या झोपडीत कागद पावसाळा काढत नाही.

पाचवी गोष्ट. "पुन्हा कधी याल?" याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. कोठून आलात? पुढे कोठे जाणार? घरी औषध किती दिवसांचे उरले आहे? यांस अर्धा मिनिट लागतो. त्या कुटुंबाला मी हे तीन प्रश्न विचारले असते तर ती शिमग्याची रात्र आली नसती.

आणि खर्च वाचविण्याच्या साध्या युक्त्या विसरू नयेत. दम्याच्या पंपाबरोबर लागणारा स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून तो नीट बसविला तरी बालकांत चांगला उपयोग होतो. हे अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे.

पालकांसाठी चार शब्द

गाव सोडण्यापूर्वी किमान एक महिन्याचे औषध बरोबर घ्या. पंधरा दिवसांचे उरले की पुढील बाटलीची व्यवस्था सुरू करा, संपण्याची वाट पाहू नका. जुनी चिठ्ठी, रुग्णालयाचा घरी सोडतानाचा कागद व रिकामी बाटली जपून ठेवा. रिकाम्या बाटलीवरील लेबल हीसुद्धा एक चिठ्ठीच असते.

नव्या गावी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळचे शासकीय आरोग्य केंद्र आणि जनौषधी केंद्र शोधा. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनौषधी योजनेची आज देशात १५,००० हून अधिक केंद्रे आहेत. तेथील औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असल्याचे शासन सांगते. कर्नाटक शासनाने मे २०२५ मध्ये, रुग्णालयात औषधे विनामूल्यच मिळावीत या भूमिकेतून, सरकारी रुग्णालयांच्या आवारातील अशी केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला आणि तो वाद उच्च न्यायालयात गेला. म्हणून केंद्र कोठे चालू आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

पगारपत्रक मिळत असेल तर त्यातील प्रत्येक कपात कशाची आहे, हे मालकाला विचारा. कामगार विम्याचा क्रमांक मागून घ्या आणि मुलांची नावे त्यात घातली आहेत का ते पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषध पुरवून देऊ नका. पैसे नाहीत हे डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. स्वस्त पर्याय बहुधा असतो, पण तो विचारल्याखेरीज मिळत नाही.

समारोप

आपल्या संस्थेने या वर्षी एक लहानसे काम हाती घ्यावे, असे सुचवितो. दीर्घ आजाराच्या बालकांसाठी वर वर्णिलेल्या एका पानाच्या सारांशाचा छापील नमुना आपल्या सर्व दवाखान्यांत ठेवावा. त्याच्या मागील बाजूस कामगार विमा, जनौषधी आणि शासकीय केंद्रे यांविषयी चार ओळी असाव्यात. घाटाखालील आपल्या गोमंतकीय सहकाऱ्यांनाही तो पाठवावा, म्हणजे आमच्याकडून गेलेले मूल त्यांना अनोळखी वाटणार नाही, आणि त्यांच्याकडून आलेले आम्हाला. यासाठी मोठा निधी लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही.

तो मुलगा त्या वेळी आठव्या दिवशी चालत घरी गेला. आज तो माध्यमिक शाळेत आहे. कामगार विम्याच्या दवाखान्यातून औषध घेऊन त्याने झटक्याविना सलग तीन वर्षे काढली, त्यानंतर आम्ही ते हळूहळू कमी करून थांबविले. वडील अजून गोव्यातच काम करतात. गेल्या गणपतीत ते भेटावयास आले, तेव्हा सोबत त्यांच्याच वसाहतीतील एक नवे कुटुंब होते. त्यांची धाकटी मुलगी दम्याने आजारी होती. त्या मुलीच्या आईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली एक रिकामी बाटली, जुनी चिठ्ठी आणि विम्याचा क्रमांक लिहिलेला कागद होता.

"तुम्ही विचारणार, म्हणून मीच आणायला सांगितलं," वडील म्हणाले.